दोनदा वळवलेली गाडी

मी चौतीस वर्षं मोटार हाकली, त्यातली निम्मी बैलगाडीच्या मागे. ही तक्रार समजू नका. आमच्या वेळी रस्ता बैलांचा होता आणि मोटार पाहुणी होती. एवढं साधं कळायला मला जो धडा मिळाला, तो अजून दुपारच्या वेळी छातीवर येऊन बसतो. पण आधी धंदा समजून घ्या, म्हणजे माझी चूक नीट दिसेल.

लढाईच्या आधीची गोष्ट. मी नंदुरबार ते तापीचा काठ या सर्व्हिस मोटारीवर डायवर होतो. तेव्हा पूल नव्हता. अलीकडच्या काठावर मी उतारू सोडायचो, ते नावेत बसून पलीकडे प्रकाशा गावाला जायचे, आणि पलीकडचे येऊन माझ्या मोटारीत बसायचे. मोटार म्हणजे पुढे इंजिन, मागे सुताराने ठोकलेला लाकडी सांगाडा आणि बाजूंना ताडपत्री. हँडल मारून चालू करायची. ते उलटं फिरलं तर मनगट जायचं. भोंगा रबरी. तो दाबला की म्हातारी शेळी ठसकल्यासारखा आवाज यायचा आणि रस्त्यातल्या खऱ्या शेळ्या मान वळवून आपुलकीने बघायच्या.

मला सगळ्यात जास्त राग कुणाचा यायचा, तर पुढच्याचा. पुढचा कोणीही असो. दुसऱ्या मालकाची एक मोटार याच रस्त्यावर होती. तिच्या डायवरचं नाव घेत नाही, त्याची मुलं चांगल्या नोकऱ्यांत आहेत. तो पुढे निघाला की मैलच्या मैल मला त्याचा फुफाटा खावा लागे. दातात माती करकरायची. त्यात शेतातून कोणी नुसता हात खाजवला तरी हा उतारू समजून भर रस्त्यात थांबायचा. मी पुढे असलो की हेच सगळं मी करायचो, पण ते मला तेव्हा धंदा वाटायचं.

खरी पीडा बैलगाड्यांची. मुरमाच्या त्या रस्त्याला मधोमध गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोरी पाडलेली. तीत एकदा चाक बसलं की बैलांना हाकायला माणूस लागत नाही. शेतकरी नंदुरबारच्या जिनात कापूस घालायचे, रिकाम्या गाडीत गोणपाट अंथरायचे, तोंडावर धोतराचा सोगा ओढायचे आणि झोपायचे. बैलांना घर पाठ. वीस-पंचवीस गाड्यांची रांग असली तरी सगळी पहिल्या जोडीच्या भरवशावर. मागून मी भोंगा दाबतोय, शिव्या देतोय, इंजिनात पाणी उकळतंय, आणि पुढे पंचवीस माणसं पांढऱ्या कापडाखाली निश्चिंत. पंचवीस तिरड्यांच्या मागून चालल्यासारखं वाटायचं.

यावर डायवर लोकांनी एक औषध काढलं होतं आणि त्यात मी तालुक्यात पहिला होतो, हे सांगताना लाज वाटायला हवी. पहिल्या गाडीशी जायचं, बैलांना चुचकारायचं, कासरा धरून अलगद अर्धं वर्तुळ घ्यायचं आणि गाडी उलट तोंडाने चाकोरीत लावून द्यायची. मागच्या गाड्या आपोआप त्याच वळणाने वळतात. मग आपण भोंगा न दाबता निघून जायचं. एकदा अशा सत्तावीस गाड्या मी वळवल्या होत्या. दुपारी निघालेली माणसं तिन्हीसांजेला पुन्हा जिनाच्या फाटकातच जागी झाली. पुढचा गाडीवान डोळे चोळत जिनाच्या धुराड्याकडे वर बघून म्हणाला म्हणे, "आमना गावमा हाई चिमनी कव्हय उनी?"

हा किस्सा मी दोन वर्षं चहाच्या दुकानात सांगत होतो. प्रत्येक वेळी दोन गाड्या वाढायच्या.

माझ्या मोटारीवर तिकिटं फाडायला आणि बिघडलं तर खाली शिरायला उस्मानचाचा होते. नंदुरबारचेच. वयाने माझ्या वडिलांएवढे, दाढी मेंदीने लाल. ते माझ्या असल्या किश्शांना हसत नसत. "सुकलाल," म्हणायचे, "सोते आदमी का रस्ता नहीं फेरते. उसका घर उधर है." मी म्हणायचो, "चाचा, फिरून गावाला लागेलच की तो. पृथ्वी गोल शे." ते बिडी विझवून कानावर ठेवायचे आणि बोलणं संपायचं.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी चाचा दुपारच्या नमाजासाठी नंदुरबारला थांबायचे आणि दुपारची एक फेरी मी एकटाच मारायचो. होळी होऊन पंधरा दिवस झाले होते. ऊन असं की रस्ता लांबवर पाण्यासारखा हलत होता. पलीकडच्या काठावर देवदर्शनाला आलेली गुजराथकडची मंडळी खोळंबली होती, त्यांना आणायला मी रिकामी मोटार घेऊन निघालो.

सातव्या मैलाच्या दगडाशी एक वड होता. गाडीवान लोक त्याला टरकून असत. भर दुपारी बारा ते चार तिथे थांबायचं नाही, पाणी प्यायचं नाही, मागून हाक आली तर वळून बघायचं नाही, असा नेम. का, ते कोणी सांगत नसे. मी विचारलं की म्हणायचे, "तठे काही नही शे. म्हनीसनच थांबानं नही."

त्या वडाच्या अलीकडे एकच बैलगाडी, चाकोरीच्या बरोबर मध्ये, माझ्या पुढे नदीकडे चाललेली. मोठे पांढरे बैल. गाडीत एकजण तोंडावर धोतर घेऊन आडवा. मी भोंगा दाबला. ओरडलो. बैलांनी कानसुद्धा हलवले नाहीत. बाजूच्या काळ्या जमिनीला हातभर रुंद भेगा पडलेल्या, तिथे मोटार घालणं म्हणजे चाक घालवणं. अर्धा मैल त्या गाडीच्या चालीने गेलो. गंमत सांगतो, बैलांच्या गळ्यात घुंगरं होती, पण त्यांचा आवाज येत नव्हता. इंजिनाच्या घरघरीत ऐकू आला नसेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि आजही सांगतो.

वडाशी मी उतरलो. बैलांना चुचकारलं, गाडी वळवली, नंदुरबारकडे तोंड करून चाकोरीत लावली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी कसला? झोपलेल्याच्या कानाशी वाकलो आणि गोड आवाजात म्हणालो, "आबा, नंदुरबारना बजार बाकी ऱ्हायना. चला माघारे." कापडाखाली श्वास चालू असल्यासारखं कापड हललं. मी हसलो आणि निघालो.

नदीवर पंधरा-वीस उतारू भरले. परत येताना सातव्या मैलाशी पाहतो तर समोर तीच गाडी. तेच बैल, तोच आडवा माणूस, आणि तोंड नदीकडे. बैलांनी आपोआप माघार घेतली होती आणि वडाशी येऊन थांबले होते. उन्हात उभे. चार हातांवर वडाची गार सावली, पण एकाचाही खूर सावलीत नव्हता.

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? उतरून माणूस बघितला असता. मला मात्र वाटलं, बैलांनी माझी फजिती केली. मोटारीत प्रवासी बसलेले, त्यांच्यासमोर. उतरलो, पुन्हा कासरा धरला, पुन्हा वळवली. गुजराथी मंडळी खिडकीतून हसत होती; त्यांना वाटलं, मी रस्ता मोकळा करतोय. मी पुन्हा त्या कानाशी वाकलो. "आबा, झोपमा घर सरकी गयं. जरा लांबून जा आते." या वेळी कापड हललं नाही. पण एक बैल वळून माझ्याकडे बघत होता. बैल माणसाकडे बघतात, त्यात काही नाही. तो मात्र माझ्या तोंडाकडे बघत होता.

नंदुरबारला पोचल्यावर चाचांना हा पराक्रम सांगितला. "एकच माणूस, दोनदा!" ते टोपी घडी करत होते. म्हणाले, "दो बार फेरा, और जागा नहीं?"

"पक्का झोपाळू."

"सुकलाल, बैल घूमता है तो गाडी हिलती है. मुर्दा भी जाग जाए."

पुढच्या फेरीला ते बरोबर निघाले. तिकिटं फाडायला सुरुवातही केली नव्हती, माझ्या शेजारी बसून समोर बघत होते. तीन वाजायला आले असतील. सातवा मैल आला, वड आला, आणि वडाखाली नव्हे, वडासमोरच्या उन्हात तीच गाडी. तोंड नदीकडे. मी मोटार थांबवली तेव्हा मला रस्त्यावरचा फुफाटा दिसला. त्यात चाकांची वर्तुळं उमटली होती. दोन मी काढलेली आणि दोन बैलांनी काढलेली, एकात एक. एखाद्याने बोटाने काढावीत तशी.

माझे हात नेहमीच्या सवयीने कासऱ्याकडे गेले. खोटं कशाला बोलू, मी तिसऱ्यांदा वळवणार होतो. चाचा म्हणाले, "पहले मुंह तो देख."

मी हललो नाही. त्यांनीच कापड उचललं.

डोळे उघडे होते. सत्तरीचा माणूस. तोंड एका बाजूने खाली ओघळलेलं, ओठ फुटलेले. एका डोळ्यातून कानापर्यंत पाण्याचा ओघळ वाळून मिठासारखी पांढरी रेघ उमटली होती. पापणी लवली. बुबुळ हळूहळू फिरलं, चाचांवरून गेलं, आणि माझ्यावर येऊन थांबलं. तो झोपलेला नव्हता. सकाळपासून नव्हता. अंगावरून वारं गेलं होतं, त्यामुळे हात हलेना, जीभ हलेना. कापडाखाली पडून त्याला सगळं ऐकू येत होतं. भोंगा. बैलांना चुचकारणं. आणि माझा गोड आवाज.

"कबसे पडा है ये?" चाचांनी मला विचारलं. मी कासरा गुंडाळू लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मोटारीतल्या एकाने ओळखलं. नदीअलीकडच्या शेवटच्या गावचे दौलत आबा. आम्ही त्यांना उचलून पुढच्या बाकावर निजवलं, उतारूंना रस्त्यात उतरवलं, मोटार वळवली. गाडीचं काय करायचं, असं कोणीतरी विचारलं, तर बैल केव्हाच चालू लागले होते. ते रिकामी गाडी घेऊन तिन्हीसांजेला घरी पोचले आणि अंगणात उभे राहिले. घरच्यांना आबांची बातमी पहिल्यांदा त्या रिकाम्या गाडीने दिली.

आणि आता, ज्या दिवशी मला खरोखर घाई होती, त्याच दिवशी पुढे गाड्यांची रांग लागली. कापसाने भरलेल्या, नंदुरबारकडे चाललेल्या, वीस-बावीस तरी. भोंगा दाबून माझा अंगठा बधिर झाला. शेवटच्या गाडीवरचा उठून बसला, माझी मोटार ओळखली आणि दात काढले. "फिराय, फिराय! तू उतर तं खरा. आज नही फसूत आम्ही!" पुढचाही उठला. रांगेत निरोप गेला, चिमणीवाला डायवर आला म्हणून. एकानेही चाकोरी सोडली नाही. मी ओरडून सांगतोय की आजारी माणूस आहे, आणि ते हसतायत. "हाई बी नवं काढं का?"

चाचा खाली उतरले. रांगेच्या कडेने चालत गेले आणि प्रत्येक गाडीशी थांबून एकच शब्द बोलले. एकेक गाडी चाकोरीतून बाहेर निघाली. गाडीवान खाली उतरून, पागोटं सारखं करून, हात जोडून उभे राहिले. मोटार त्यांच्या मधून गेली तेव्हा कोणी वर बघत नव्हतं.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मय्यत है."

जिवंत माणसाला जो रस्ता मिळाला नाही, तो मेलेल्याला लगेच मिळाला. माझ्या शेजारी आबा उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होते. कानांना काही झालेलं नव्हतं. बावीस माणसांनी त्यांना हात जोडले, तेही त्यांनी ऐकलं असणार. हात जोडताना मनगटातलं कडं वाजतं ना, त्याचाही आवाज येतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी दिसले? मी म्हणालो, आत्ताच, तीनला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. सकाळीच आणलं असतं, उन्हात पडू दिलं नसतं, तर कदाचित हातही वाचला असता. बाहेर येऊन मी चाचांना म्हणालो, "तुम्ही कोणाला सांगू नका." ते म्हणाले, "मैंने क्या देखा? देखनेवाला वो है."

तर अशी गत. पाहणारा एकच, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

आठ दिवसांनी आबांच्या घरची मंडळी मला शोधत मोटार अड्ड्यावर आली. थोरला मुलगा भटूभाऊ आणि आबांची बायको, तिला सगळे जिजी म्हणत. टोपलीभर केळी, शेंगा, तूप. जिजीने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "तू नही ऱ्हाता तं मन्हं कुकू गयं व्हतं, दादा." अड्ड्यावरचे सगळे बघत होते. मी खाली बघत होतो. लोक म्हणाले, बघा, किती विनयशील.

त्यानंतर आबांना गावी नेलं आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली खाट टाकली. माझी मोटार रोज दोनदा तिथून जायची. भटूभाऊ रोज अडवायचा, चहा घे म्हणायचा. जाणं भाग होतं. खाटेशी बसायचो, पण तोंडातून शब्द काढायचा नाही, असं ठरवून टाकलं होतं. माझा चेहरा आबांनी तिसऱ्या वेळीच पाहिला होता. आधीच्या दोन्ही वेळी त्यांनी ऐकला होता तो नुसता माझा गोड आवाज. मोटारीत मी ओरडलो होतो ते इंजिनाच्या घरघरीत, पण खाटेशी एक शब्द हळू बोललो असतो, तर तो आवाज त्यांनी लगेच ओळखला असता. म्हणून मान हलवायची, हसायचं, कपाळाला हात लावायचा. माझ्या चौतीस वर्षांत 'कमी बोलणारा माणूस' अशी माझी कीर्ती त्या एका घरात झाली. जिजी सुनांना माझा दाखला द्यायची.

आबा मला बघितलं की चांगला हात उचलायचे आणि हवेत बोट फिरवायचे. एक गोल. मग दुसरा. घरातली पोरंसोरं टाळ्या पिटायची, "मोटारनं चाक! आबा डायवरनं चाक फिरावतस!" भटूभाऊ कौतुकाने म्हणायचा, "तुन्ही वळख धरी ऱ्हायना तो." मी हसायचो. ते गोल मला पाठ होते. फुफाट्यात पाहिले होते.

जिजी रोज तेल लावायची, शेकायची. दर आठवड्याला बातमी यायची. आबांनी 'हू' म्हटलं. आबा 'पानी' म्हणाले. 'बैल' म्हणाले. प्रत्येक शब्दागणिक माझी पाचावर धारण बसायची. मालकाकडे दुसरा रस्ता मागून पाहिला. धानोऱ्याच्या बाजाराची फेरी द्या, नाहीतर खांडबाऱ्याला आगगाडीच्या वेळेवर ठेवा, कुठेही धाडा. मालक म्हणाले, "सुकलाल, त्या रस्त्यावर तुझ्या नावाने उतारू बसतात. देवमाणूस म्हणतात तुला." असा देवमाणूस होऊन मी वर्षभर रोज दोनदा घाबरत होतो.

पुढच्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे दिवाळीहून मोठा सण. जिजीने मला आणि चाचांना जेवायला बोलावलं. ओसरीत सगळं घर जमलेलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, माझ्यासाठी पाट, पाटाभोवती रांगोळी. समोर खाटेवर आबांना टेकवून बसवलेलं. मी पहिला घास तोडला आणि आबांचं तोंड हललं. सगळे थांबले. सून पोळी हातात धरून तशीच उभी.

"बोल," आबा म्हणाले.

पोरं ओरडली, आबा बोलले! भटूभाऊच्या डोळ्यांत पाणी. "काय म्हनतस आबा? कोनले?"

आबांचा हात वर आला. गोल काढला नाही. बोट सरळ माझ्याकडे. "डायवर. बोल."

मी चाचांकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते. मला सहज काहीतरी बोलता आलं असतं. राम राम, बरं आहे का. पण आबांना ते ऐकायचं नव्हतं. खाट आणि पाट यांच्यात तीन हातांचं अंतर होतं. मी उठून खाटेशी गेलो, त्याच कानाशी वाकलो आणि म्हणालो, "आबा, नंदुरबारना बजार बाकी ऱ्हायना. चला माघारे."

आबांनी डोळे मिटले. चुकलेलं जनावर गोठ्यात आल्यावर माणूस जसा श्वास सोडतो, तसा सोडला. "हाऊच आवाज," म्हणाले.

मग मी घरच्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा किती वाजले होते, दुसऱ्यांदा काय बोललो, तिसऱ्यांदा कापड कोणी उचललं. विनोदी करायचा मोह एकदाही झाला नाही, हे मला स्वतःलाच नवल वाटलं. भटूभाऊ उठून उभा राहिला. त्याच्या हाताची मूठ मी बघत होतो आणि मनातून म्हणत होतो, मार बाबा, सुटू दे. जिजीने त्याला हाताने खाली बसवलं.

मग जिजी म्हणाली, "दोन्ही येळा तू त्यास्नं तोंड नंदुरबारकडेच करी दिन्हं. दवाखाना तं तठेच शे. बैलेस्नीच नही आयकं."

एवढं मोठं मन मी पाहिलं नव्हतं. मला क्षणभर वाटलं, खरंच की, मी तर त्यांना दवाखान्याकडेच लावत होतो! आणि तेवढ्यात ती म्हणाली, "पन दादा, दोन येळा कानशी वाकना, एक येळ बी कापड उचलीसन देखं का नही?"

मी चपला शोधायला लागलो. "ताटवरथून उठानं नही," जिजी म्हणाली. "आखाजी शे. जेव." मी बसलो आणि ते ताट संपवलं. आयुष्यात इतकं कष्टाचं काम दुसरं केलं नाही. जिजीने वाढणं थांबवलं नाही, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

आबा त्यानंतर तीन वर्षं जगले. मी गेलो की आता बोलायचो. ते ऐकायचे. हात वर करून गोल काढायचे, आणि त्यात राग होता की थट्टा, ते मला कधी कळलं नाही.

मला मात्र सवय लागली. रस्त्यात कोणी तोंडावर कापड घेऊन झोपलेला दिसला की मोटार थांबवायची, उतरायचं, कापड उचलून तोंड बघायचं. वीस गाड्या असल्या तर वीस तोंडं. उतारू वैतागायचे. ज्याच्या मागे लोक दात खात बसतात तो रस्त्यावरचा माणूस आता मीच झालो होतो. गाडीवान सुरुवातीला खवळले. "झोपू दे ना रे भो, जित्ता शे मी!" पुढे त्यांनी सोपं करून टाकलं. माझा भोंगा वाजला की झोपेतच, कापड न काढता, एक हात वर करायचे. जिवंत आहे, जा. भर दुपारी, हलत्या उन्हात, पांढऱ्या कापडांखालून एकामागून एक वीस-पंचवीस हात वर यायचे आणि पुन्हा खाली जायचे. पहिल्यांदा बघणारा उतारू रामनाम घ्यायचा. मी हात मोजायचो.

लढाई लागली. पेट्रोल मिळेना, मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी लागली, मोटार बैलांपेक्षा हळू झाली. आबा जाऊन दोन वर्षं झाली होती. एका दुपारी मोटार भरून नदीकडे चाललो होतो. सातव्या मैलाशी गाड्यांची रांग. मी भोंगा दाबला. हात वर येऊ लागले. एक, दोन, पाच, नऊ. शेवटची, म्हणजे सगळ्यात पुढची गाडी वडासमोर होती. तिच्यातला हात वर आला आणि खाली गेला नाही. बोट हवेत फिरलं. एक गोल, सावकाश.

मी थांबलो. कापड उचलायला उतरलो नाही. मोटार मागे-पुढे घेत, काळ्या जमिनीची कड सांभाळत, पूर्ण वळवली आणि नंदुरबारकडे लागलो. मोटारीत एकच गिल्ला झाला. "अरे कथा ली जाई ऱ्हायना? मन्ही नाव चुकी!" मी ऐकलं नाही.

मालकाने चार दिवस घरी बसवलं. नदीवर त्या दिवशी काही अघटित घडलं का, म्हणून मी गुपचूप चौकशी केली. काही घडलं नव्हतं. नाव वेळेवर गेली, वेळेवर आली. त्या गाडीत भटूभाऊ असेल. नाहीतर कोणी टवाळ. गोष्ट तर गावोगाव झाली होती. बैल कोणते होते, ते मी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी अड्ड्यावर चाचा भट्टीतली राख काढत होते. मी म्हणालो, "चाचा, मी चुकलो का?"

ते राख काढतच राहिले. मग म्हणाले, "उसको कितनी बार फेरा था तूने?"

"दोनदा."

"और आज तू कितनी बार फिरा?"

"एकदा."

त्यांनी बादली उचलली. "तो एक बाकी है," म्हणाले, आणि राख टाकायला गेले.

मोटार सोडून आता किती वर्षं झाली. दुपारी जेवून ओसरीवर आडवा होतो. आमची सून चांगली आहे. माशा बसतात म्हणून माझ्या तोंडावर पातळ धोतर टाकायला येते. मी टाकू देत नाही.